गोल बंद करणारे सर

पानिपतला नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी रिफायनरीत असतो आणि दुसऱ्या वर्षापासून १७६१ मध्ये. आमचे ऑटोकॅडवाले सर त्या दुसऱ्या वर्षात गेले ते परत आलेच नाहीत. दिवसभर पाइपांची ड्रॉइंगं करायची आणि संध्याकाळी हॉलमध्ये कॉलनीतल्या नव्या पोरांना रेघ ओढायला शिकवायचं, असा त्यांचा क्रम. फी नाही, लढाई मात्र ऐकावी लागते.

आयव्हन सदरलंडने १९६३ मध्ये प्रकाशपेनाने पडद्यावर रेघा काढून दाखवल्या, हे सर एका वाक्यात उरकतात. १९८२ च्या ऑटोकॅडच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मग बाह्या वर सरतात.

"एल दाब, एंटर. कर कुठेही क्लिक. हा आपला तळ. दिल्ली नव्वद किलोमीटर. टाइप कर, @९०<२७०."

"२७० का, सर?"

"शून्य अंश पूर्वेला. कोन घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजायचे. ९० उत्तर, १८० पश्चिम, २७० दक्षिण. बागपतला यमुना उतरून अब्दाली नेमका ह्या रेघेवर येऊन बसला!"

पोरगा सांगलीचा, त्याला घरची ओढ. "मग पुणं?"

"तेही खालीच. झेड, ई केल्याशिवाय दिसायचं नाही."

सरांचा खरा जीव चौकोनात. मराठ्यांनी लढाईत गोल, म्हणजे असाच पोकळ चौकोन, बांधला होता, डाव्या अंगाला इब्राहिमखान गारदी, पोटात बुणगे. तो गोल सर पोरांकडून रोज नव्याने बांधून घेतात. चौथी रेघ कुणी नजरेच्या अंदाजाने जुळवली, की संपलं.

"एफ-थ्री चालू कर, एंडपॉइंट पकड! नाहीतर सरळ सी दाब, क्लोज. बंद दिसतंय म्हणतोस? मोठं करून बघ. फट! आता टाक हॅच. बसतो का? त्या गोलातून विंचूरकर असेच जागा सोडून पुढे धावले."

आतून काकूंचा आवाज येतो, "ओट्याचं ड्रॉइंग दिवाळीपासून मागतोय तो सुतार." सरांचा त्यावर युक्तिवाद असा की ओटा तीन बाजूंनीच असतो, चौथी उघडी, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. १४ जानेवारीला क्लास बंद असतो. त्या दिवशी सगळ्यांनी रणभूमीवर, काला आंबला जायचं. तिळगूळ तिथेच, तोही न बोलता.

परवा एक कारखानदार आला. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत काढून ब्लँकेटं विणायचा पानिपती धंदा. त्याला नवी शेड हवी होती. सरांनी बघता बघता असा देखणा आयत काढला की पोरं गप्प. कोपरे चोख, हॅच पहिल्या फटक्यात.

"मास्टरजी, इसमें गेट कहाँ है?"

सरांचा चेहरा पडला. गेट म्हणजे ब्रेक कमांड, म्हणजे बंद केलेला गोल आपल्याच हाताने फोडायचा! त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी गेट काढून दिलं, वरच्या रेघेत, उत्तरेला.

"उधर तो नाला है, मास्टरजी. सड़क इधर है, दिल्ली की तरफ़. ट्रक कहाँ से आएगा?"

"तिकडूनच तर आला होता तो," सर मराठीत पुटपुटले.