कोळशाच्या गावात गोरेपणाची पुडी

भद्रावतीत मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि माजरीच्या खाणीकडून आलेली कोळशाची धूळ घामावर बसते. अशा गावात माणूस काळवंडला तर दोष कोणाचा? जाहिरात म्हणते, चेहऱ्याचा.

कुठल्याही जनरल स्टोअर्समध्ये मान वर केली की शाम्पूच्या शेजारी क्रीमच्या पुड्यांची माळ लोंबताना दिसते. ट्यूब परवडत नसेल तर पुडी घ्या. न्यूनगंड मात्र सगळ्यांना एकाच मापाचा मिळतो.

जाहिरातीचं कथानक ठरलेलं. मुलीला नोकरी नाही, वडिलांचा उसासा, मग ट्यूब. काही आठवड्यांत तीच मुलगी विमानात नाहीतर टीव्हीच्या पडद्यावर. तिची पदवी, टायपिंग, एमएस-सीआयटी यांचं नावही नाही; जणू मुलाखत घेणारे साहेब फक्त गालच तपासतात. रंग पालटायला भट्टी लागते, हे इथल्या ग्रामोदय संघातल्या माती भाजणाऱ्या कारागिरांना ठाऊक आहे. पण त्यांनी कधी जाहिरात केली नाही.

असल्या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रार केली आणि 2003 मध्ये काही जाहिराती पडद्यावरून उतरल्या. 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेनं बजावलं की सावळ्या माणसाला दुःखी, हरलेला दाखवू नका. झालं! तेव्हापासून ‘गोरेपणा’ हा शब्द हळूहळू मागे सरकला. त्याच्या जागी ‘निखार’, ‘तेज’, ‘चमक’ अशी पाहुणेमंडळी येऊन बसली. 1975 पासून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ जुलै 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नामकरण झालं, बाळ तेच.

पुरुषांना वाटे, आपण सुटलो. 2005 मध्ये ‘फेअर अँड हँडसम’ आली आणि पुढे बायकांची क्रीम चोरून लावणाऱ्या पोराला शाहरुख खाननं टीव्हीवरून समज दिली: मर्दानं मर्दाची क्रीम लावावी. लाज तीच, डबा वेगळा.

दिल्लीत मात्र एका गिऱ्हाइकानं हे मनावर घेतलं. 2013 मध्ये 79 रुपयांची ‘फेअर अँड हँडसम’ची ट्यूब त्यानं लावली, गोरेपणा काही आला नाही, तो ग्राहक मंचात गेला. डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा ग्राहक आयोगानं कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड ठोठावला. भद्रावतीकरांनाही पावती जपून ठेवा म्हणावं, तर पुडीला इथं पावती देतो कोण?