बेवारस पद्मिनीचा स्ट्रीट रॉड : कृती आणि पथ्ये

जुन्या गाडीच्या कवचात नवे इंजिन बसवून रस्त्यावर मिरवण्याजोगे केलेले वाहन म्हणजे स्ट्रीट रॉड. अमेरिकेतील रूढ दंडकानुसार गाडी 1949 पूर्वीची लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये ही अट शिथिल करणे भाग आहे. 1949 मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचा कारखानासुद्धा आलेला नव्हता. येथे प्रीमियर पद्मिनी हेच प्रमाण वाहन मानावे. पूर्वपुण्याई असलेल्या साधकाला पन्नासच्या दशकातील फियाट 1100, म्हणजे डुक्कर फियाट, लाभते. तिची पुढची दारे उलटी उघडतात, त्यामुळे उतरणाऱ्याची ऐट फुकटात वाढते.

प्रथम गाडी मिळवावी. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत टायर मातीत रुतलेली आणि टपावर शेवग्याचा पाला साचलेली गाडी उत्तम. अशी गाडी वर्षानुवर्षे कोणाचीच नसते. किंमत विचारताच मात्र तिला तीन वारस फुटतात आणि मेलेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने ती 'हाफ सेल्फमध्ये सुरू होणारी' ठरते. आरसी बुक पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. चॅसिस नंबरवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढून आकडे ताडून पाहावेत. जोर लावल्यास गंजाबरोबर आकडेही निघून जातात आणि आरटीओच्या लेखी गाडी जन्मालाच आलेली नसते.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून तळाचा पत्रा आणि दाराखालचा पट्टा यांवरचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. जागोजागी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो आरपार गेल्यास पत्रा कापून नवा वेल्ड करावा, पण कापण्याआधी दारांच्या चौकटीला आतून पाइपचा आधार द्यावा. नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. काही डेंटर एवढ्या खटाटोपाऐवजी लांबी भरण्याचा सल्ला देतात. लांबीची गाडी फोटोत देखणी येते आणि पहिल्या गतिरोधकावर मूळ रूपात प्रकट होते.

मूळ इंजिन 1089 सीसीचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे. भंगारात स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही इंजिन उचलून आणू नये. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते. पद्मिनीत ते उभे असते आणि प्रोपेलर शाफ्ट मागची चाके फिरवतो. त्यामुळे जिप्सी किंवा ईकोचे इंजिन गिअरबॉक्ससकट शोधावे. पद्मिनीचे ब्रेक चारही ड्रमचे. नव्या ताकदीला पुढे डिस्क हव्यात. अनुभवी साधक आधी हॉर्न बदलतात.

इंजिन आणि बॉडी यांचे सूत जुळवण्याचे काम भोसरी एमआयडीसीत होते. पिंपरीत टाटांचे ट्रक, चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये न होणारे काम नाही. अडचण संख्येची आहे. शेडमालकाचा पहिला प्रश्न 'किती नग?' असा असतो. 'एक' हे उत्तर ऐकून तो 'महिन्याला?' असे विचारतो. खुलासा झाल्यावर तो चहा मागवतो. हा होकार समजावा. ड्रॉइंग लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेले चालते. मोठ्या ऑर्डरचा कच्चा माल अडकला की त्या फटीत हा जॉब मशीनवर चढतो. गुरुवारी जाऊ नये, एमआयडीसी बंद असते. इंजिन धरणारी प्लेट शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक मिळते, आणि जिथे ती बसवायची ती बॉडी चाळीस वर्षांत दोन सूत वाकलेली असते. पुढचे काम कानस करते.

रंग कोणताही द्यावा. लोक टॅक्सीच म्हणतात.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. सीएनजी किटला मुभा आहे, पण सीएनजीवर चालणाऱ्या स्ट्रीट रॉडला कोणी वळून पाहत नाही. 2021 च्या नियमांत विंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिका आहे. त्यासाठी गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ स्वरूपातली हवी, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन, ब्रेक, चाके, सायलेन्सर आणि कापलेले टप धरल्यास 25,000 होतात. एमएच-14 च्या हद्दीत गाडी बाहेर काढण्यापूर्वी हा हिशेब घरीच करून ठेवावा. हॉर्न वेगळा धरावा.