हवा खेळती पाहिजे

आमच्या दाजींचा उजवा तळहात हा बिलोली तालुक्यातला सगळ्यात जुना थर्मामीटर असावा. फ्रिजची पाठ, मोटारसायकलचं इंजिन, चार्जिंगला लावलेला मोबाइल, सुट्टीला आलेल्या नातवाचं कपाळ, सगळ्यांवरून तो फिरतो आणि निदान एकच निघतं: "हवा खेळती पाहिजे." शेतातली तूर घरी आली की पोती भिंतीपासून वीतभर लांब आणि खाली फळ्या. त्यात त्यांचं चूक नाही. त्यांच्या तुरीला बुरशी लागलेली कुणी पाहिली नाही. पंचाईत एवढीच, की तुरीचा न्याय ते संगणकालाही लावतात.

हा संगणक भाच्यानं सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून जुळवून दिलेला. पुढं हवा आत घेणारा एक पंखा, मागं बाहेर टाकणारा एक, दोन्ही 120 मिलिमीटरचे. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो, म्हणून आवाज जवळजवळ नाहीच. आणि तेच दाजींना खुपलं. "चालू हाय म्हणता, अन् आवाज करंना. आत काहीतरी बंद पडलंय." ज्यानं जन्मभर पत्र्याच्या कूलरच्या घरघरीत दुपारची झोप काढली, त्याचा मुक्या यंत्रावर भरवसा बसावा तरी कसा?

संगणकाला कष्ट म्हणाल तर सातबारा काढणं, वीजबिल भरणं, पत्ते खेळणं आणि रविवारी हैदराबादच्या नातवाशी बोलणं. पण मे महिन्यात पारा 42-43 वर गेला, की दाजींना स्वतःपेक्षा त्याची काळजी. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान 58 दिसलं, तसा रात्री भाच्याला फोन गेला.

"बाबा, खोलीतच 42 हाय. पंखा खोलीतलीच हवा आत ढकलणार ना, महाबळेश्वरची कुठून आणंल? 58 म्हणजे काहीच नाही. 95-100 च्या घरात गेला, तर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो."

"ते समदं खरं. मग आणखी एक बसवू का?"

बसवलाच. नांदेडहून पंखा आणला आणि बाजूच्या पत्र्यावर, बाहेर हवा फेकणारा, असा स्वतः आवळला. मग चाचणी. चाचणी म्हणजे कॅबिनेटच्या तोंडाशी उदबत्ती धरून धूर कुठून कुठं जातो ते बघायचं. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी चप्पल काढून संगणकाला हात जोडले. धूर पुढून आत शिरला, प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच बाजूच्या नव्या पंख्यानं ओढून घेतला आणि बाहेर आला. आकडा 58 चा 60 झाला. दाजी शांतपणे म्हणाले, "आज ऊनच जास्ती हाय."

पुढची पायरी म्हणजे बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन. हा प्रयोग एका पालीनं आत मुक्काम केल्यावर थांबला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या डब्याला तीन पंखे झाले. हितं भाकरी थापू थापू जीव चाललाय, एक एक्झॉस्ट लावा म्हणलं, तर म्हणे दिवाळीला बघू." दाजींना त्या क्षणी एकदम वर्तमानपत्राची आठवण झाली.

भाचा आला तेव्हा त्यानं तिसरा पंखा काढला, पत्रा बसवला आणि पुढची जाळी सोडवून अंगणात नेली. घरासमोरून मांजरेची वाळू भरलेल्या हायवा जातात; त्यांची धूळ जाळीवर गोधडीसारखी बसली होती. रंगाच्या ब्रशनं ती झाडली. जाळी परत लावून अर्धा तास झाला, तर आकडा 54. म्हणजे हवेची वाट मोकळी करायची होती, पंखे वाढवायचे नव्हते. भाचा काही बोलणार, तेवढ्यात दाजींनी कॅबिनेटच्या पाठीवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"मी काय म्हणत होतो? हवा खेळती पाहिजे."

बिलोलीकडं येणं झालं तर दाजींकडं जरूर जा. चहा होईल, फळ्यांवरची तूर बघायला मिळेल. फक्त तुमच्या घरचा संगणक आवाज करत नाही, हे तेवढं बोलू नका. तिसरा पंखा अजून त्यांच्या कपाटात आहे, स्क्रूसकट.