भिजत घोंगडं, मुक्काम ब्रसेल्स

तुर्कस्तानला युरोपीय संघात घ्यायचं की नाही, हा प्रश्न युरोपला इतका प्रिय आहे की उत्तर देऊन तो संपवायला कुणी तयार नाही. 1963 च्या अंकारा करारात सभासदत्वाचं गाजर दिसलं. 1987 मध्ये अर्ज गेला. त्याच वर्षी मोरोक्कोनेही अर्ज केला होता. ‘तुम्ही युरोपात मोडत नाही’ म्हणून तो वाटेला लागला. मोरोक्को सुटला म्हणायचा! तुर्कस्तानला 1999 साली ‘उमेदवार’ असा बिल्ला मिळाला आणि 2005 च्या ऑक्टोबरात वाटाघाटी सुरू झाल्या. सोबत सुरुवात केलेला क्रोएशिया 2013 मध्ये आत जाऊन बसला. तुर्कस्तानच्या वाटाघाटींच्या 35 प्रकरणांपैकी 16 उघडली, मिटलं एकच: विज्ञान आणि संशोधन. तेही तात्पुरतं.

नकाराला कारणं नाहीत असं नाही. तुर्की फौजा 1974 पासून उत्तर सायप्रसमध्ये आहेत, आणि सायप्रस संघाचा सभासद. राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांना निवडणुकीत हरवू शकतील असे इस्तंबूलचे महापौर इमामोलू मार्च 2025 मध्ये तुरुंगात गेले. एवढ्यावर ‘नाही’ म्हटलं तर कोण नावं ठेवील?

पण खरी धास्ती डोकी मोजण्याची. संघाच्या मंत्रिपरिषदेत मताचं वजन लोकसंख्येवरही ठरतं. जर्मनी साधारण 8.4 कोटी, तुर्कस्तान साडेआठ. म्हणजे आल्या दिवशीच नवखा सगळ्यांत थोरला! ब्रसेल्समध्ये हे दबक्या आवाजात बोलतात. ब्रिटनमध्ये 2016 ला ‘तुर्कस्तान येतोय’ अशी पोस्टरंच लागली. तुर्क आहेत तिथेच आहेत. बाहेर गेला तो ब्रिटन.

दरम्यान तुर्कस्तानची अवस्था सोसायटीतल्या भाडेकरूसारखी. युरोपसोबतच्या जकात संघात तो 1996 पासून आहे. ब्रसेल्सने तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे तुर्की बाजारात शिरू शकतो. तुर्की मालाला मात्र तिकडे तीच सवलत आपोआप नाही. नियम पाळायचे, सभेत हात वर करायचा नाही. त्यात 2016 पासून वॉचमनची ड्युटीही आली: सीरियन निर्वासितांना अडवून धरा, त्यांच्या सोयीसाठी 6 अब्ज युरो घ्या.

एर्दोगान यांचंही यात काही बिघडत नाही. देश सभासद झाला तर न्यायालयं, वृत्तपत्रं, तुरुंग सगळ्यांचा हिशेब द्यावा लागेल. दाराबाहेर उभं राहून ‘हा ख्रिश्चनांचा क्लब आहे’ असं ओरडलं की घरच्या मतदारांत टाळ्या मिळतात.

2018 मध्ये संघाच्या मंत्रिपरिषदेने वाटाघाटी ठप्प झाल्याचं जाहीर केलं. रद्द केल्या नाहीत. 2019 मध्ये युरोपीय संसदेने त्या रीतसर स्थगित करा म्हणून ठराव केला. सरकारांनी तो वाचला असेल, अशी आशा. ब्रसेल्स तुर्कस्तानवर अहवाल काढतं, अंकारा तो पक्षपाती म्हणून धुडकावतं. दोन्हीकडच्या बाबूंना पुढच्या अहवालापर्यंत काम आहे.