व्हाउचरभाऊ

बदलापूर लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला, अर्धा हवेत आणि त्याही अवस्थेत मोबाइलवर राउटरचं चित्र मोठं करून बघणारा तरुण दिसला, की तो व्हाउचरभाऊ समजावा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात इमारतीगणिक एक तरी सापडतो. ऐरोलीच्या कुठल्याशा कंपनीत तो ‘डेस्कटॉप सपोर्ट’ला असतो. म्हणजे साहेबांचा प्रिंटर रुसला की हा जातो, वायर खोचतो आणि परत येतो. कंपनी बहुराष्ट्रीय, पगार मात्र भलत्याच कंत्राटदाराकडून. यातून सुटायची एकच वाट त्याला ठाऊक आहे : सीसीएनए.

सिस्कोच्या या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. हिशेब तीस हजारांच्या आसपास जातो आणि भाऊचा पगारही तिथेच कुठेतरी थांबतो. त्यामुळे जन्मात एक शेअर न घेतलेला हा माणूस दात घासताना डॉलरचा भाव बघतो. रुपया घसरला की त्या दिवशी डब्यातली भाजी अळणी लागते. परीक्षा कधी देणार, असं कुणी विचारलं तर तारीख सांगत नाही. ‘व्हाउचर बघतोय’ म्हणतो. सवलतीचं व्हाउचर! दोन वर्षं बघतोय. तेवढ्या काळात त्याच्या धाकट्या बहिणीचं स्थळ बघून, लग्न होऊन, ती डोंबिवलीला नांदायलाही गेली.

तोवर बाकीची तयारी मात्र कडेकोट चालते. लॅपटॉप उल्हासनगरचा. तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेला. फाळणीत होतं-नव्हतं मागे टाकून लष्करी छावण्यांत उतरलेल्या माणसांनी हे शहर उभं केलं. वस्तू फुकट जाऊ द्यायची नाही, ही तिथल्या बाजाराची रीतच. भाऊच्या लॅपटॉपची स्क्रीन एका मशीनची, कीबोर्ड दुसऱ्याचा, बिजागरी बहुधा कपाटाची. ‘परीक्षा त्या यूएसएची, लॅपटॉप आपल्या यूएसएचा,’ असं तो छाती काढून सांगतो.

परीक्षेसाठीचं वेंडेल ओडमचं पुस्तक किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून उचललेलं. अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये बदलला, पुस्तक त्याच्या आधीचं. म्हणून तर स्वस्त. आधीच्या मालकाची पिवळी रेघ तिसऱ्या प्रकरणात संपते. भाऊची हिरवी चौथ्यात पोचली आहे, याचा त्याला कोण अभिमान! एक कोर्स सहा जणांत मिळून घेतलेला, पण ओटीपी येतो तो वांगणीच्या मित्राच्या मोबाइलवर आणि मित्र रात्रपाळीला. खरा आधार यूट्यूबवर अख्खा कोर्स फुकट शिकवणाऱ्या जेरेमीचा. तो घरात इतका रुळलाय, की आजी विचारते, ‘आज काय शिकवलंन रे तुझ्या जेरमीनं?’

पाठांतराची मात्र भाऊची स्वतःची पद्धत आहे आणि ती मला कुठल्याही कोर्सपेक्षा सरस वाटते. नेटवर्कचे सात थर असतात. कल्याणपासून शेलूपर्यंत स्टेशनंही सातच. कल्याण म्हणजे फिजिकल, तिथे नुसते धक्के. विठ्ठलवाडी डेटा लिंक. उल्हासनगर नेटवर्क, व्यापाऱ्यांचं. अंबरनाथ ट्रान्सपोर्ट, कारण एमआयडीसीचे ट्रक. बदलापूर सेशन, सीटसाठीच्या भांडणांचं. अंबरनाथची माणसं उलटी येऊन बसूनच परत निघतात, हा तिथला कायमचा विषय. वांगणी प्रेझेंटेशन आणि शेलू ॲप्लिकेशन, कारण तिथल्या फ्लॅटसाठी त्याने अर्ज केला होता. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन व्हायचंय, त्याचं काय करशील, असं मी विचारलं. भाऊ तयारच होता. आयटीवाले मशीनपुढे बसलेल्या माणसाला गमतीने आठवा थर म्हणतात, निम्मे बिघाड त्याच्यातच असतात म्हणून. ‘चिखलोली त्याला देऊन टाकू!’

वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांचं आयटीआयचं सर्टिफिकेट अजून लॅमिनेशनमध्ये टवटवीत आहे. मुलाचं तीन वर्षांनी बाद होणार, हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘सर्टिफिकेट आहे की दुधाची पिशवी?’ आईचा प्रश्न त्याहून अवघड : ‘एमएस-सीआयटी झालंय ना रे तुझं?’

शेवटी व्हाउचर मिळालंच नाही. दिवाळीच्या बोनसचे पैसे भरून भाऊने घरूनच परीक्षा द्यायचं ठरवलं. सुट्टी अर्धीच पडते आणि रिक्षाचे वाचतात. शुक्रवार टाळला, कारण आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून बघत बसणार, म्हणून खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर कागद नको आणि चारही बाजूंचे फोटो पाठवायचे, अशी अट. वन-रूम-किचनमध्ये हे जमवणं म्हणजेच खरी परीक्षा. वडील जिन्यात उभे राहिले, भंगारवाल्याला खालच्या खाली परतवायला. कुकर शेजारी गेला. त्यामागून आजी गेली, पण जाताना म्हणाली, ‘तो वरून बघणारा जेवलाय का, विचार आधी.’

फोटो गेले आणि पलीकडच्या पर्यवेक्षकाला भिंतीवरचं कालनिर्णय खटकलं. दूध आलं की आई त्या तारखेवर १ लिहिते, नाही आलं की शून्य. साऱ्या महिन्याच्या चौकोनांत एक, एक, शून्य, एक. नेटवर्किंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलामागे भिंतीवर बायनरी! कालनिर्णय उतरवावं लागलं. खाली भिंतीवर पेन्सिलीने गॅस सिलिंडरच्या तारखा निघाल्या. त्यावर टॉवेल टांगला.

पेपर सुरू झाला. १२० मिनिटं. मध्येच कुठेतरी थरांचा प्रश्न आला आणि भाऊचे ओठ हलले, ‘कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर...’ लगेच चॅटवर ताकीद : पुटपुटू नका. पुन्हा असं झालं तर परीक्षा रद्द. पुढचा सगळा प्रवास भाऊने तोंड मिटून केला. एवढ्या वर्षांत लोकलमध्येही हे त्याला जमलं नव्हतं.

पास झाला. पेढे वाटले, तेही अर्धे अर्धे. त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. ‘अरे, सर्टिफाइड झालास म्हणे! गेटवरचा कॅमेरा गणपतीपासून बंद आहे, जरा बघून टाक.’

‘बघतो की काका,’ भाऊ म्हणाला. ‘आता आपले चार्जेस डॉलरमध्ये आहेत. पण तुमच्यासाठी मेंटेनन्समधून वळते करू.’