बैलाला माहीत नव्हतं

गाडी नाक्यावर अडवली जाईपर्यंत तिला मालकांचा तोटा नसतो. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, पुढच्या काचेवर ‘दादांची कृपा’. स्टेपनीमागच्या चोरकप्प्यातून गांजाची पाकिटं निघाली, की आई आणि दादा एकदमच बेपत्ता! “मी ती मागंच विकली हो, नाव तेवढं आरसीवर राहिलं.” “मेव्हणा घेऊन गेला होता.” मेव्हणे नसते तर बचावाच्या वकिलांनी काय केलं असतं, देव जाणे.

मुद्देमाल ठाण्याच्या आवारात जाऊन पडला, की हीच मंडळी सुपूर्दनाम्याचे अर्ज घेऊन कोर्टात. एक आरसीवाला, दुसरा स्टँपपेपरवाला, तिसरी हप्ते थकलेली फायनान्स कंपनी. गांजावर हक्क सांगायला मात्र कुणी फिरकत नाही.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६० मालकाला सांगतं, तुला ठाऊक नव्हतं हे तूच सिद्ध कर. तुझ्या हस्तकाला नव्हतं, गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यालाही नव्हतं, आणि तिघांनीही वाजवी खबरदारी घेतली होती, हेसुद्धा. ठाऊक असल्याचा पुरावा एक वेळ सापडेल. नसल्याचा कुठल्या कप्प्यात ठेवतात? शिवाय या कलमात वाहनाच्या जोडीला जनावरही आहे. बैलगाडीत माल सापडला तर बैलही जप्तीला पात्र. त्याला ठाऊक होतं का, हे विचारायची सोय नाही. निकाल लागेपर्यंत कडबा कोणत्या खर्चातून, हेही मी शोधतोय. आणि आरोपी निर्दोष सुटला म्हणून गाडी सुटेलच असं नाही; कलम ६३प्रमाणे तिचा निवाडा वेगळा.

आसामात एका ट्रकमधल्या प्रवाशाकडे साबणाच्या डब्यांत २४.८ ग्रॅम हेरॉइन सापडलं. मालक आरोपी नाही, चालकही नाही. ट्रक मात्र आत. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हमीवर सोडायला सांगितलं आणि विचारलं, मालकांच्या नकळत खासगी विमानातून असा माल गेला, तर खटला संपेपर्यंत विमान अडकवून ठेवणार का? प्रश्न रास्त आहे, पण आमच्या ठाण्याचं आवार न्यायमूर्तींनी पाहिलेलं नसावं. तिथं विमानाला जागाच नाही.

ठाण्यांत गाड्या सडवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि सोडा, असं याच न्यायालयाने २००२मध्येही बजावलं होतं. त्या निकालाची प्रत आमच्या तालुक्याला पोचली असावी. कुठल्या तरी गाडीच्या डिकीत असेल.

त्या आवारात कोपऱ्यात एक पांढरी व्हॅन आहे. बॉनेटमधून रुई उगवलीय, दारावरच्या लाखेच्या मोहरेवर मुंग्यांची रांग. तिच्यावर तिघांचे अर्ज आहेत म्हणे. मागच्या सीटवर एक कुत्री राहते. तिने अर्ज केलेला नाही. परवा डोकावलो तेव्हा आत चार पिल्लं होती. चाक एकही नव्हतं.