चौथा नट

खंबाटकीच्या घाटात तेव्हा ट्रकला माघार नव्हती. पुण्याहून साताऱ्याकडं जाणाऱ्यांनी घाट चढायचा आणि साताऱ्याहून येणाऱ्यांनी बोगद्यातून सुळकन निघून जायचं, अशी इथली वाटणी होती. मागं खंडाळ्यात गॅरेज होतं, या माहितीचा घाटात काडीचा उपयोग नव्हता. तिथं परतायचं तर आधी घाट चढा, उतरा, वळा, मग बोगदा गाठा. आणि एवढं ज्या ट्रकला जमेल, त्याला गॅरेज कशाला?

मेहुण्याची कपाटं कोल्हापूरला चालली होती आणि राखणीला मी. पहिल्याच चढावर इंजिनानं कर्कश शिट्टी घातली. मग ती थांबली आणि मागून काळाकुट्ट धूर सुरू झाला. "टर्बो गेला," ड्रायव्हरमामा म्हणाले, शेजारचे आजोबा गेल्याचं सांगावं तशा सुरात. पहिल्या गिअरात आम्ही घाट ओलांडला. वाटेत एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला, वर हातही हलवून गेला.

सुरूर फाट्याच्या अलीकडं मिस्त्री भेटले. "तासाभराचं काम. चार नट काढायचे, जुना उतरवायचा, दुसरा चढवायचा."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर चालणारा पंखा. धूर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुरातून काम काढून घ्यायची ही कल्पना खरं तर एखाद्या पुणेकराला सुचायची. आतला दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. टर्बोला मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या नळीवर, धरून ठेवणारा नट मात्र एक फेरा घ्यायला तयार नसतो. त्याचंही बरोबर आहे. 600-700 अंशांचा धूर रोज शेजारून जायचा, रात्री गार पडायचं, सकाळी पुन्हा तापायचं, वर चार महिने पाऊस. एवढं भोगल्यावर नट आणि तो ज्यावर बसतो तो आट्यांचा स्टड एकजीव होतात.

केबिन पुढं कलवली तेव्हा मामांचा कंगवा, चादर, जेवणाचा डबा सगळं काचेवर येऊन आदळलं. चिकटवलेला गणपती तेवढा जागच्या जागी राहिला.

तेलाचे पाईप सुटले. तीन नट कुरकुरत का होईना निघाले. चौथा टर्बोच्या पोटाखाली होता. तिथं पाना जाई तर हात जात नसे, आणि हात जाई तर नजर पोचत नसे. ही जागा ज्यानं ठरवली, तो तिथला नट सोडवायला कधी आला नसणार.

माझ्याकडं बॅटरी धरायचं काम होतं. "साहेब, नटावर धरा. माझ्या डोळ्यात काय बघताय?"

फाट्यावरची माणसं जमली. एक म्हणाला रॉकेल सोडा, दुसरा म्हणाला डिझेल. तिसऱ्यानं नट उलटा आवळून बघायला सांगितलं. मिस्त्रींनी सगळ्यांचं ऐकून पान्याला पाईप लावला आणि लोंबकळले. पाना सटकला, बोटं सोलली आणि सातारी भाषेचा एक मोठा साठा उघडा पडला. मग गॅसनं नट लाल केला. पुन्हा पाईप. कट्!

"निघाला!" मिस्त्री ओरडले.

निघाला होता, पण अर्धा स्टड बरोबर घेऊन. उरलेला अर्धा मॅनिफोल्डात. आता त्या थोटकावर नवा नट वेल्डिंगनं चिकटवायचा आणि त्याला पाना लावून थोटूक बाहेर काढायचं. वेल्डर वाईला लग्नाला गेला होता. तो आला तेव्हा कपाळाला अक्षता चिकटल्या होत्या, आणि कुणाला अवघड वाटावं असं काही घडलंच नव्हतं अशा थाटात त्यानं ते थोटूक काढून माझ्या हातावर ठेवलं. चटका बसला.

दुसरा टर्बो बसवताना मिस्त्रींनी आधी त्यात तेल ओतलं. "कोरडा फिरला की संपला. आणि मामा, लांबून आल्यावर चावी लगेच फिरवायची न्हाय. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. नायतर आतलं तेल करपतंय."

मामांनी हे फारच मनावर घेतलं. साताऱ्यात चहाला थांबलो, तरी ट्रक हॉटेलच्या दारात धडधडतच राहिला.

"अहो, बंद करा की गाडी!" मालक ओरडला.

"टर्बो निवतोय," मामा म्हणाले.

"मग चहा बी निवू द्या. तवर देत न्हाय."